अरबाबांसाठी रायफल

अरबाबांनी मला रायफल निवडायला सांगितली तेव्हा आमच्या शेडमध्ये काम उरलं नव्हतं. २००८ संपत आलं होतं. दुबईतल्या अल क्वोजमधल्या त्या शेडमध्ये आम्ही टॉवर्सचे जिने, कठडे आणि दर्शनी काचांच्या मागे लागणाऱ्या फ्रेमा बनवायचो. दिवाळीपर्यंत वेल्डिंग दोन्ही शिफ्टमध्ये चालू होतं. मग एकेका साइटवरून फोन येत गेले आणि प्रत्येक फोनवर एकच शब्द, होल्ड. प्रोजेक्ट होल्डवर आहे, माल पाठवू नका. तयार झालेले कठडे आम्ही अंगणात एकावर एक रचून ठेवले. समुद्राची दमट हवा त्यांना लागायची आणि प्रायमरखालून तांबूस डाग वर यायचे. वेल्डर गटागटाने गावी गेले. मी प्रॉडक्शन मॅनेजर होतो, पण प्रॉडक्शनच नव्हतं. सकाळी करामातल्या फ्लॅटवरून बसने यायचं, केबिनचा एसी लावायचा आणि बसायचं.

तिकडे कंपनीचा मालक स्थानिक अरब असला की वेल्डरपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्याला अरबाब म्हणतात. आमचे अरबाब साठी ओलांडलेले, मूळचे उम्म अल कुवैन या छोट्या अमिरातीतले. तरुणपणी ते वडिलांच्या गलबतावरून मुंबईला यायचे, त्यामुळे त्यांची हिंदी बंदरावर शिकलेली, रांगडी आणि अस्खलित होती. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. मुहंदिस म्हणायचे, म्हणजे इंजिनिअर. पूर्वी आठवड्यातून एखाद्या वेळी यायचे, चक्कर मारून जायचे. काम थांबल्यावर मात्र रोज यायला लागले. माझ्या समोरच्या खुर्चीत बसायचे, चहा मागवायचे आणि खिडकीतून ते कठडे बघत राहायचे.

असेच एकदा बसले असताना त्यांनी विचारलं, बंदुकीचं तुला काय कळतं? मी म्हणालो, काहीच नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, बंदूक मी फक्त बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या खांद्यावर पाहिलेली. ते म्हणाले, लोखंड कळतं ना? मी हो म्हणालो. मग पुरे झालं, असं म्हणून त्यांनी पिशवीतून कॅटलॉग काढून माझ्या टेबलावर ठेवले.

अरबाब शिकारी होते हे मला ठाऊक होतं. त्यांच्याकडे एक जुनी रायफल होती, प्रत्येक गोळीनंतर नळीमागचा बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो तशी. ती घेऊन ते काही वर्षांपूर्वी हंगेरीला गेले होते. तिथे आपल्या सांबराएवढं, पण जास्त दाट शिंगांचं हरीण असतं. अरबाबांनी बिस्मिल्ला म्हणून गोळी झाडली, ती लागली, हरीण गुडघ्यावर आलं आणि पुन्हा उठलं. बोल्ट ओढून दुसरी गोळी भरेपर्यंत ते झाडीत शिरलं होतं. कुत्री लावली, अंधार पडेपर्यंत शोधलं. रक्त दिसत राहिलं, हरीण काही सापडलं नाही. ही हकीकत सांगताना अरबाब माझ्याकडे बघत नव्हते.

"ते कुठेतरी बसून मेलं असणार," ते म्हणाले. "किती वेळाने, ते मला माहीत नाही."

म्हणून त्यांना नवी रायफल हवी होती. कॅलिबर, म्हणजे नळीचा व्यास, मोठं हवं, एका गोळीत काम व्हावं म्हणून. आणि सेमी-ऑटोमॅटिक हवी, म्हणजे एकीत नाही झालं तर बोल्टकडे हात न नेता दुसरी ताबडतोब झाडता यावी. मला वाटलं, हे सगळं ठरलेलंच आहे, मग मी काय निवडायचं? पण कॅटलॉग उघडले आणि त्यात गुंतत गेलो.

खरं सांगायचं तर कित्येक आठवड्यांनी मला काम मिळालं होतं. गोळी सुटल्यावर नळीतला थोडा गॅस बाजूच्या छिद्रातून घेऊन त्याच्या जोरावर बोल्ट मागे ढकलायचा, रिकामं काडतूस बाहेर फेकायचं आणि स्प्रिंगने पुढचं आत घ्यायचं. सेमी-ऑटोमॅटिकची सगळी गोम ही. त्यात धक्क्याचा काही भाग हे हलते भागच खाऊन टाकतात, त्यामुळे खांद्याला तो कमी जाणवतो. मोठ्या कॅलिबरमध्ये हा फायदा फार मोलाचा. पण भाग जास्त म्हणजे वजन जास्त, सफाई जास्त, अडकण्याची शक्यता जास्त. शिवाय आफ्रिकेतल्या काही देशांत अशी रायफल शिकारीला चालत नाही, तेव्हा आफ्रिकेचा नाद सोडायचा. युरोपात चालते, पण मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं. हे सगळं मी कागदावर मांडत गेलो. अरबाब रोज येऊन विचारायचे, आज काय शिकलास? मी सांगायचो. ते लहान मुलासारखे लक्ष देऊन ऐकायचे.

निवड शेवटी दोन कॅलिबरवर आली. एक होतं थ्री हंड्रेड मॅग्नम. गोळी हलकी, अतिशय वेगवान, लांबवर सरळ जाणारी, पण धक्का तीक्ष्ण. दुसरं नऊ पॉइंट तीन मिलिमीटर, जर्मनीकडचं जुनं कॅलिबर. गोळी जाड, जड, सावकाश जाणारी. लांब पल्ल्यात ती खाली येते, पण दाट जंगलात जनावर जवळच असतं, तिथे ती जागेवर खिळवते. तिचा धक्का चाबकासारखा नसतो, कुणी खांद्याला हात लावून ढकलावं तसा असतो, असं वाचलं होतं.

कॅटलॉग मी एकदा घरी नेले. बायकोने ते देवाच्या फडताळाजवळून उचलून चपलांच्या रॅकवर ठेवले. किंमत विचारली, मी पंधरा हजार दिरहम म्हणालो, आणि तिने उभ्याउभ्या म्हटलं, म्हणजे पावणेदोन-दोन लाख रुपये, हरणासाठी. मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिने चित्रं बघितली आणि म्हणाली, "बाबा, आर यू हेल्पिंग हिम किल समथिंग?" मी म्हणालो, नाही गं, मी फक्त मशीन बघतोय. "बट द मशीन इज फॉर किलिंग," ती म्हणाली आणि होमवर्कला बसली. मी कॅटलॉग मिटून पिशवीत घातले. त्या दिवसांत मजल्यावरची दोन मराठी कुटुंबं सामान विकून परत गेली होती आणि बायको रोज एकच विचारायची, आपलं काय ठरतंय?

अरबाबांचा मोठा मुलगा इंग्लंडमध्ये शिकून आलेला, तिशीतला. कंपनीच्या सह्यांचा अधिकार आता त्याच्याकडे होता. एके दिवशी त्याने मला खाली पार्किंगमध्ये बोलावलं आणि गाडीत बसवलं. एसी चालू ठेवला. मग इंग्रजीत म्हणाला, वडिलांचा उजवा हात तू बघितला असशील.

मी बघितला होता. कप धरलेला नसला की अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासल्यासारखी हलत राहायची, जणू अरबाब न दिसणारी तसबी, त्यांची जपमाळ, ओढतायत. मला वाटायचं, वय झालंय, काळजी आहे.

"पार्किन्सन आहे," तो म्हणाला. "डॉक्टरांनी उन्हाळ्यात सांगितलं. त्यांनी तुला सांगितलं नसणार, ते आम्हालाही सांगत नाहीत."

त्याचं म्हणणं साधं होतं. या आजारात वडिलांनी हातात रायफल घेऊन जंगलात जायचं म्हणजे त्यांना धोका, बरोबरच्या माणसांना धोका. घरातल्या कुणाचं ते ऐकत नाहीत, पण इंजिनिअरच्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे. तर मी प्रत्येक रायफलमध्ये काहीतरी खोट काढावी. एक वर्ष काढावं, तोवर त्यांचं त्यांनाच कळेल. शेवटी मी उतरताना तो म्हणाला, तुझा व्हिसा रिन्यूला आलाय ना, ते बघतोय मी.

ते वाक्य त्याने कशासाठी उच्चारलं, मला आजही कळलेलं नाही. धमकी नसावी. तो मवाळ मनुष्य होता आणि वडिलांसाठी जीव तुटत होता त्याचा. पण व्हिसावर माझं, बायकोचं आणि मुलीचं राहणं होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. मी फक्त "येस सर" म्हणालो.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते सांगणं अवघड आहे. खोटं बोलणं मला जमत नव्हतं. खरं बोलायचं, तर ती गोष्ट सांगायचा हक्क माझा नव्हता. मग मी खऱ्याच शंका काढत बसलो. एकीचं वजन जास्त आहे, दुसरीचं काडतूस इथे सहज मिळणार नाही, तिसरीचा बोल्ट हळू सोडला तर पूर्ण बसत नाही आणि जोरात सोडला तर आवाजाने हरीण पळेल. प्रत्येक शंका खरी होती. अरबाब ऐकून घ्यायचे, मान हलवायचे. दुकानदाराला फोन करून वजन विचारायचे, काडतुसं विचारायचे, आणि एकेक शंका फिटल्यावर माझ्याकडे बघायचे. मला वाटे, आता यांनी चिडावं. ते कधी चिडले नाहीत.

जानेवारीत आम्ही दोघं अबू धाबीच्या एका दुकानात गेलो. परवानाधारक दुकान, भिंतीवर काचेमागे रायफली, दुकानदार सीरियाकडचा, बोलण्यात गोड. त्याने नऊ पॉइंट तीनची एक सेमी-ऑटोमॅटिक माझ्याच हातात दिली. अक्रोडाचा दस्ता, त्यावर बारीक जाळी कोरलेली. मी बोल्ट मागे ओढला. इतकं सफाईदार मशीनिंग मी आयुष्यात हाताळलं नव्हतं. आमच्या शेडमधली लेथ मला आठवली, आणि काही क्षण मला खरोखर आनंद झाला. अरबाबांनी ती घेतली, खांद्याला लावली, उतरवली आणि परत दिली.

येताना शेख झायेद रोडवर रखडलेले टॉवर दिसायला लागले. क्रेन्स तशाच थांबलेल्या, एकही हलत नव्हती. काही टॉवर्समध्ये आमचे जिने होते. अरबाब गाडी चालवत होते. स्टिअरिंगवर हात असला की तो अजिबात हलत नसे, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"माझ्या मुलाने तुला सांगितलंय," ते म्हणाले.

मी खिडकीबाहेरच्या क्रेन्सकडे बघू लागलो.

"तुझ्या तोंडावर मी महिनाभर वाचतोय. ऐक, मुहंदिस. त्याने सांगितलं ते खरं आहे. तू त्याचा पगार खातोस, त्याला नाही म्हणू नकोस. पण रायफलबद्दल माझ्याशी खोटं बोलू नकोस. माझ्याबद्दल तुला काय वाटतं ते मनात ठेव. आता सांग, कोणती?"

मी म्हणालो, "नऊ पॉइंट तीन. तुम्ही हातात घेतली होती तीच."

"खलास," ते म्हणाले, म्हणजे ठरलं. त्यांनी रेडिओ लावला आणि माझं घर येईपर्यंत तोच वाजत राहिला.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आता मुलाला काय सांगशील? मी रात्रभर तेच घोळवत राहिलो. सकाळी मुलाला फोन करून म्हणालो, सर, रायफलमध्ये खोट नाही, ती चांगली आहे, मी तसं त्यांना सांगितलंय. एकदा नेमबाजीच्या रेंजवर चालवू द्या, तुम्ही स्वतः या, मग ठरवा. तो म्हणाला, ठीक आहे, रेंजवर ते बघतील तरी. त्याला काय म्हणायचं होतं ते मला समजलं. तिथे हात हलेल, गोळी भलतीकडे जाईल, आणि वडील स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. मी ते वडिलांना दाखवायची सोय करतोय असा त्याचा समज झाला. कदाचित मी तेच करत होतो. मलाही तिथे दुसरं काही होईल असं वाटत नव्हतं.

दुकानदाराने नमुन्याची रायफल देऊन ओळखीच्या क्लबच्या रेंजवर सोय करून दिली. फेब्रुवारीची सकाळ, हवेत अजून गारवा. समोर वाळूचा बांध आणि त्याच्या पायथ्याशी कागदी निशाणं. मुलगा मागे हाताची घडी घालून उभा होता. मी कानांवर मफ चढवले. अरबाबांचा उजवा हात त्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त हलत होता. काडतूस मॅगझिनमध्ये बसेना, शेवटी रेंजच्या इन्स्ट्रक्टरने भरून दिलं. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

अरबाबांनी रायफल उचलली, दस्ता खांद्यात रुतवला, गाल टेकवला. आणि हात थांबला.

मी जवळच होतो, मला स्पष्ट दिसलं. बोटं, मनगट, सगळं स्थिर. त्यांनी ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं आणि गोळी झाडली. आवाज छातीत बसला. खांदा मागे गेला, सावकाश, वाचलं होतं तसाच. रिकामं काडतूस उजवीकडे उडालं, आणि लगेच दुसरी गोळी. इन्स्ट्रक्टर दुर्बिणीतून बघून म्हणाला, दोन्ही आत आहेत, तळहाताएवढ्या जागेत. अरबाबांनी रायफल टेबलावर ठेवली. ठेवल्याबरोबर बोटं पुन्हा सुरू झाली.

पुढे मी डॉक्टर असलेल्या एका मित्राला विचारलं. तो म्हणाला, या आजारात सुरुवातीला असंच असतं, हात रिकामा असला की हलतो, कामाला लावला की थांबतो. त्या सकाळी मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आपल्यासमोर काहीतरी बरं झालं. मी मुलाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. तो वडिलांजवळ गेला, त्यांच्या खांद्याला हात लावला आणि अरबीत काहीतरी म्हणाला. अरबाब हसले. मला हिंदीत सांगितलं, "म्हणतो, मीपण येतो हंगेरीला."

त्या एका सकाळपुरतं सगळं जमल्यासारखं झालं होतं. माझा व्हिसाही रिन्यू झाला. रायफलची ऑर्डर गेली. कागदपत्रं, परवाने, आयात, यात उन्हाळा निघून जाणार होता.

मार्चअखेर मुलीचं वर्ष संपलं आणि आम्ही तिला आणि बायकोला पुण्याला पाठवलं. ठरवलं असं म्हणता येणार नाही. पगार आधी अर्धा झाला होता, मग तोही उशिरा यायला लागला, फ्लॅटचा करार संपत होता. एक दिवस बायकोने सुटकेस काढली आणि मी दुसरी वरून उतरवून दिली, एवढंच. एअरपोर्टवर मुलगी विचारत होती, "सो व्हेन आर वी कमिंग बॅक?" मी म्हणालो, इन्शाल्ला, लवकरच. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. शाळेत अरबी शिकलेली मुलगी, नक्की सांगता येत नसलं की इन्शाल्ला म्हणतात, हे तिला बरोबर समजत होतं. मी करामातच एका खोलीत तिघांबरोबर राहायला गेलो.

रायफल ऑगस्टमध्ये आली. अरबाबांनी ती पेटीसकट माझ्या केबिनमध्ये आणली. मी तिचे भाग उलगडून दाखवले, गॅसचं छिद्र, पिस्टन, स्प्रिंग. पिस्टन कशाने पुसायचा ते दोनदा सांगितलं. त्यांचं लक्ष होतं, पण चेहरा पूर्वीसारखा हलत नव्हता. हसले तरी डोळ्यांपर्यंत पोचायचं नाही. चालताना उजवा पाय किंचित ओढला जात होता. शेडच्या उंबऱ्याशी ते थांबायचे, जणू समोर काही आडवं आहे, मग एकदम पाऊल उचलायचे. मी हे बघितलं आणि मनात ठेवलं. त्यांनीच तसं सांगितलं होतं.

सप्टेंबरमध्ये बापलेक गेले. मी दिवसभर फोनकडे बघत असे. शिकार व्हावी असं मला वाटत होतं, हे मला अजून विचित्र वाटतं. माझ्या हातून मुंगीही मरत नाही. पण त्या हरणाच्या बाबतीत मी मनातून अरबाबांच्या बाजूला होतो.

परत आल्यावर अरबाबांना शेडला यायला आठवडाभर लागला. ड्रायव्हरने हात धरून त्यांना केबिनमध्ये आणलं. चहा आला, तो तसाच राहिला. मग त्यांनीच सांगितलं. आवाज खूप खाली गेला होता, मला टेबलावर वाकून ऐकावं लागलं.

पहाटेचं धुकं उठलं तेव्हा हरीण झाडीतून बाहेर आलं. जवळ होतं, मोठं होतं, आडवं उभं राहिलं. वारा योग्य दिशेने होता. रायफल काठ्यांच्या टेकूवर होती, हात स्थिर होता. मुलगा मागे श्वास रोखून. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं.

"मी बोटाला सांगितलं," ते म्हणाले. "बोटाने ऐकलं नाही."

"हललं का?" मी विचारलं.

"नाही. हललं असतं तर बरं होतं. ते काहीच करत नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. हरणाने माझ्याकडे बघितलं, गवत खाल्लं, पुन्हा बघितलं, आणि चालत गेलं. पळालंसुद्धा नाही. मी तिथेच होतो, मुहंदिस. सगळं बघत होतो."

रायफल उतरवायलाही त्यांना जमेना. मुलाने मागून येऊन एकेक बोट सोडवलं.

मी म्हणालो, रायफल चांगली होती. ते म्हणाले, "हो, रायफल चांगली होती. तू बरोबर निवडलीस." यात टोमणा नव्हता. त्यांना ते खरंच वाटत होतं, आणि म्हणून मला जास्त लागलं.

थोड्या वेळाने ते खिडकीकडे बघून म्हणाले, "मुलगा शेड बंद करणार आहे. मालकीचे कागद आता त्याच्या नावावर आहेत. मी त्याला म्हणालो, मुहंदिसला दुसरीकडे कुठेतरी घे. तो बघतो म्हणाला. तो बघतो म्हणाला म्हणजे काय ते तुला माहीत आहे आणि मलाही. मी त्याच्यावर ओरडू शकलो असतो, पण माझा आवाज आता एवढाच आहे."

"मला काही करता येत नाही," ते म्हणाले.

मी म्हणालो, "अरबाब, तुम्ही चहा घ्या." आणि कप त्यांच्या ओठांपर्यंत नेला. ते थोडा प्यायले.

शेड वर्षअखेरीला बंद झाली. अंगणातले कठडे भंगारवाल्याने ट्रकमध्ये भरून नेले. मुलाने माझा हिशोब चोख केला, शिफारसपत्रही चांगलं दिलं. रायफल वडिलांच्या कपाटात आहे आणि किल्ली त्याच्याकडे, हे त्याने आपण होऊन सांगितलं. त्याच्यावर रागवायला मला काही कारण सापडलं नाही. सापडलं असतं तर सोपं गेलं असतं.

मला काही महिन्यांनी उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात काम मिळालं, फायबरच्या होड्या बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये, पूर्वीच्या निम्म्या पगारावर. दुबईच्या मानाने गाव शांत, संध्याकाळी रस्त्यावर कुणी नसे. बायको आणि मुलगी पुन्हा तिकडे राहायला आल्या नाहीत. मुलीची दहावी पुण्यात झाली, मग बारावी. फोनवर ती हळूहळू मराठीत बोलायला लागली आणि मला तिच्या मराठीला उत्तर देताना चाचरायला व्हायचं.

अरबाबांचं घर तिथून जवळ होतं, पण जायला मी पाच वर्षं लावली. मुलाशी मार्केटमध्ये गाठ पडली. तो म्हणाला, ये ना, त्यांना बरं वाटेल. तेव्हा गेलो. घर खाडीच्या काठावर, मागे व्हरांडा, समोर उथळ पाणी आणि कांदळवन. अरबाब व्हीलचेअरमध्ये होते. चेहरा अगदी कोरा, नजर मात्र जागी. एक फिलिपिनो नर्स त्यांना चमच्याने पेज भरवत होती. मी समोर स्टुलावर बसलो, सलाम केला. नर्स आत गेली.

मी बोलत राहिलो. होड्यांचं सांगितलं, फायबर कसं थरावर थर चढवतात ते. मुलीने इंजिनिअरिंग घ्यायचं ठरवलंय ते सांगितलं. ते ऐकत होते असं मला वाटलं. मग त्यांचे ओठ हलले. मी स्टूल पुढे ओढून कान जवळ नेला. श्वास आला, शब्द आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. मुलगा आतून आला, गुडघ्यावर बसला, त्यानेही कान लावला. तो अरबीत काही काही विचारत होता. पाणी? ऊन लागतंय? आत जायचंय? अरबाबांचे डोळे एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे जात होते. मी हिंदीत विचारून पाहिलं. दोन्ही भाषांत आम्ही जे जे सुचेल ते विचारत गेलो. त्यातलं काहीच नव्हतं.

शेवटी त्यांनी प्रयत्न सोडला. डोळे मिटून घेतले. मुलाने त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि मला म्हणाला, अलीकडे असंच होतं. मी हो म्हणालो. वर्कशॉपची पिकअप मला घ्यायला दाराशी आली होती, ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला. मी अरबाबांच्या हाताला हात लावला. तो गरम होता आणि अजिबात हलत नव्हता. मग मी निघालो.